स्लॉट पाच ते सातचा, सामान भलत्याच वेळी: घरपोच किराण्याच्या वेळेचं परीक्षण

घरपोच किराणा देणाऱ्या सेवांबद्दल लिहिताना लोक भाव, मालाचा दर्जा आणि ॲपची सोय यांवर भरभरून लिहितात. वेळेच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, ‘कधीकधी उशीर होतो’ एवढंच. खरं तर आपण डिलिव्हरीचे पैसे वेळेसाठीच मोजतो. दूध, भाजी, साबण कुठल्याही दुकानात मिळतात. ठरलेल्या दोन तासांत ते दारात येणं ही या सेवेची खरी विक्री आहे. त्यामुळे हे परीक्षण फक्त वेळेचं आहे. स्लॉट का चुकतो, चुकला की मालाचं काय होतं, दारात काय तपासायचं, पैसे कसे परत मागायचे आणि कोणत्या पद्धतीची सेवा कशासाठी वापरायची, एवढाच त्याचा आवाका.

एक मत सुरुवातीलाच मांडायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उशिरा आलेल्या सामानापेक्षा वेळेआधी आलेलं सामान बहुधा जास्त नुकसान करतं. उशीर होतो तेव्हा माल गाडीत असतो, आणि गाडी धड असेल तर थंड पेटीत असतो. लवकर येतो तेव्हा घरात कोणी नसतं आणि पिशव्या दाराबाहेर, जिन्यात, उन्हात पडून राहतात. पाच ते सातच्या स्लॉटचं सामान पावणेआठला आलं तर चिडचिड होते. तेच सामान पावणेचारला ठेवून गेले आणि तुम्ही साडेपाचला पोहोचलात, तर मासे आणि दही बाहेर पावणेदोन तास होतं. तरीही बहुतेक ॲपमध्ये ‘उशिरा आलं’ असं बटण असतं, ‘लवकर आलं’ असं सहसा नसतंच.

स्लॉट चुकतो तो कुठे

स्लॉट म्हणजे ठरावीक ऑर्डरींची जागा. एका भागात किती गाड्या, प्रत्येक गाडी दोन तासांत किती दारं करू शकते, यावरून जागा ठरतात आणि त्या संपल्या की स्लॉट ‘फुल’ दिसतो. मग सगळ्या ऑर्डरी गोळा करून संगणक मार्ग आखतो. हे गणित जुनं आहे. १९५९ मध्ये डँट्झिग आणि रॅमसर यांनी पेट्रोलचे टँकर डेपोतून पंपांवर कसे पाठवावेत याची मांडणी केली, तिथून मार्ग-आखणीचं शास्त्र सुरू झालं. त्यात ‘अमुक ते तमुक वेळेतच पोहोचायचं’ ही अट घातली की गणित फारच अवघड होतं. स्लॉट जितका अरुंद, तितकी गाडीला उलटसुलट फिरावं लागतं: शेजारच्या दोन इमारतींत दोन वेगळे स्लॉट असतील तर एकाच गल्लीत दोनदा यावं लागतं.

या गणितात सगळ्यात कच्चा आकडा असतो दारात लागणाऱ्या वेळेचा. रस्त्यावरचा वेळ नकाशावरून बऱ्यापैकी कळतो. पण गाडी लावायला जागा शोधणं, गेटवर नोंद, लिफ्टची वाट, चौथ्या मजल्यावर सहा पिशव्या, ओटीपी शोधणारा ग्राहक, हे सगळं मिळून नियोजनात समजा ५ मिनिटं धरली आणि प्रत्यक्षात ८ लागली, तर १२ दारांनंतर गाडी ३६ मिनिटं मागे पडते. रस्त्यात एकदाही वाहतूक अडली नाही तरी. म्हणून पाळीतला पहिला स्लॉट सगळ्यात भरवशाचा असतो आणि शेवटचा सगळ्यात कमी. गाडी निघताना मागे पडलेली नसते. दिवस जातो तसा उशीर साठत जातो. ॲपमध्ये सकाळी ७ पासून स्लॉट दिसत असतील तर ७ ते ९ हा साधारणपणे पहिला फेरा. पण काही ठिकाणी दुपारी गाड्या परत येऊन नव्याने भरल्या जातात, तिथे दुपारनंतरचा पहिला स्लॉटही तितकाच चांगला असतो. कस्टमर केअरला ‘दुसरी पाळी किती वाजता निघते?’ एवढं विचारलं तर बरेचदा सरळ उत्तर मिळतं.

दुसरं कारण गोदामात असतं. ऑर्डर रस्त्यावर उशिरा होण्याआधी रॅकपाशीच उशिरा झालेली असते. माल वेचणारे कमी पडले, एखादी वस्तू संपली आणि बदली वस्तूसाठी ग्राहकाच्या होकाराची वाट पाहिली, थंड खोलीतला माल शेवटी भरायचा म्हणून गाडी थांबली. ट्रॅकिंगमध्ये हे ओळखता येतं. स्लॉट सुरू होऊन अर्धा तास झाला आणि ‘पॅकिंग सुरू’ हीच पाटी असेल, तर नेहमीच्या दोन तासांच्या स्लॉटमध्ये ते सामान बसण्याची आशा कमी. ‘गाडी निघाली’ असं असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरं कारण पत्त्याचं. लोक पत्ता नीट लिहितात पण नकाशावरची खूण मागच्या गेटवर किंवा भलत्याच इमारतीवर असते, आणि ड्रायव्हर खुणेच्या मागे जातो. पत्ता एकदा भरला की तो तसाच वर्षानुवर्षं राहतो, म्हणून प्रत्येक ऑर्डरला तीच दहा मिनिटं वाया जातात. खूण ज्या दारातून माल आत येतो त्या दारावर ठेवावी, आणि सूचनेच्या रकान्यात गेट कोणतं, लिफ्ट कोणत्या बाजूला, गाडी कुठे लावायची एवढंच लिहावं. दोन ओळींच्या वर सूचना धावत्या माणसाकडून वाचल्या जात नाहीत.

वेळेआधी येण्याची कारणं याच्या उलट नाहीत, वेगळीच आहेत. मधल्या दोन ऑर्डरी रद्द झाल्या, कुणी घरी नव्हतं म्हणून एक थांबा वगळला गेला, किंवा पाळी लवकर संपवायची म्हणून ड्रायव्हरने क्रम बदलला. चांगल्या सेवेत अशा वेळी फोन येतो: ‘जवळच आहे, आत्ता आणू का?’ हा प्रश्न विचारणारी सेवा मला सगळ्यात जास्त गुण मिळवण्याजोगी वाटते. प्रश्न न विचारता पिशव्या ठेवून फोटो काढणारी सेवा स्लॉट पाळत नाही, भले ती कितीही ‘जलद’ असो.

तीन पद्धतींच्या सेवा, तीन प्रकारच्या चुका

गोदामातून किंवा मोठ्या दुकानातून गाडी भरून निघणारी सेवा ही पहिली. यात मार्ग आधीच आखलेला असतो, गाडीत बहुधा थंड आणि गोठवलेल्या मालाचे वेगळे कप्पे असतात. चूक झाली तर ती साठत जाणाऱ्या उशिराची असते, आणि ती तासभर आधी दिसू लागते. आठवड्याच्या मोठ्या सामानासाठी ही पद्धत अजूनही सगळ्यात चांगली.

दुसरी, जवळच्या छोट्या साठ्यातून काही मिनिटांत माल आणणारी. इथे स्लॉट म्हणजे एक आकडा असतो. एका फेरीत एकाच माणसाकडे दोन-तीन ऑर्डरी दिल्या जातात आणि तुमची मधली किंवा शेवटची असेल तर नकाशावर तो तुमच्या घरावरून पुढे जाताना दिसतो. पाऊस पडला किंवा संध्याकाळची गर्दी झाली की माणसं कमी पडतात आणि दाखवलेला आकडा वाढतच राहतो. थंड माल साध्या पिशवीत असतो. अंतर कमी असतं म्हणून ते बहुधा चालतं. फेरी लांबली की चालत नाही. दोन-चार वस्तू, दूध, ब्रेड यांसाठी ठीक. मासे-मांस आणि आइस्क्रीम एकत्र मागवायला ही पद्धत मला पटत नाही.

तिसरी, कुणीतरी तुमच्या वतीने दुकानात जाऊन खरेदी करणारी. इथे वेळ त्या माणसाच्या खरेदीच्या वेगावर, दुकानातल्या रांगेवर आणि बदली वस्तूंच्या संदेशांवर अवलंबून असते. तुम्ही दहा मिनिटं उत्तर दिलं नाही तर तो रांगेच्या बाहेर उभा राहतो, आणि त्याच्या ट्रॉलीत फ्रोझन माल आधीच असतो. या सेवेत स्लॉट सांभाळायचा तर ऑर्डर करतानाच प्रत्येक वस्तूपुढे ‘बदली चालेल’ किंवा ‘नसेल तर सोडा’ हे भरून ठेवणं हा एकमेव परिणामकारक उपाय आहे.

अरुंद स्लॉट म्हणजे चांगली सेवा, हा समज मात्र सोडायला हवा. १९९९ मध्ये डिलिव्हरी सुरू करणाऱ्या वेबव्हॅन या अमेरिकी कंपनीने अर्ध्या तासाच्या स्लॉटचं आश्वासन दिलं होतं. जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. त्याला अवाढव्य गोदामांवरचा खर्च आणि घाईने केलेला विस्तार अशी बरीच कारणं होती, पण अर्ध्या तासाचा स्लॉट स्वस्त नसतो हे त्या काळापासून या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. दोन तासांचा स्लॉट देऊन तो पाळणारी सेवा एका तासाचा देऊन मोडणारीपेक्षा घरासाठी अधिक उपयोगी असते, कारण तुम्ही त्या दोन तासांची आखणी करू शकता. काही ॲपमध्ये ‘या वेळी गाडी तुमच्या भागात आहेच’ अशा खुणेचे स्लॉट असतात. ते घ्यावेत. गाडी खरोखर जवळ असते, वळसा नसतो, आणि चुकण्याची जागा कमी राहते.

ट्रॅकिंगवर किती विश्वास ठेवायचा

‘१४ मिनिटांत पोहोचेल’ या आकड्यापेक्षा ‘तुमच्या आधी ३ थांबे’ ही माहिती जास्त खरी असते. मिनिटांचा आकडा सरासरीवर चालतो, थांबे मोजलेले असतात. प्रत्येक थांब्याला ८ ते १० मिनिटं धरून तुम्हीच हिशोब केलात तर तो ॲपपेक्षा बरेचदा जवळ जातो. नकाशावरची गाडीही दर क्षणाला हलत नसते. फोनचं नेटवर्क गेलं की ती जुन्या जागी उभी दिसते, म्हणून गाडी थांबली असं लगेच समजू नये.

एका गोष्टीकडे मात्र बारीक लक्ष द्यायला हवं. काही वेळा ‘डिलिव्हर झालं’ असा संदेश सामान येण्याआधीच येतो. वेळेत पोहोचवल्याचं प्रमाण ज्या सेवेत कडक मोजलं जातं, तिथे स्लॉट संपायला दोन मिनिटं उरली असताना गाडीतूनच बटण दाबण्याचा मोह होतो. मग कागदोपत्री तुमचं सामान ६:५८ ला आलेलं असतं आणि प्रत्यक्षात ७:३५ ला. ‘डिलिव्हर झालं’ दिसताच सामान दारात नसेल तर त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि ॲपच्या चॅटवर एक ओळ टाका: ‘डिलिव्हर झालं असं दिसतंय, सामान मिळालेलं नाही.’ चॅटवर वेळ आपोआप नोंदली जाते. हीच ओळ पुढे सगळ्यात उपयोगी पडते. ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ ही नोंद चुकीची पडली तरी हेच करायचं, आणि त्या वेळेच्या कॉल-यादीचा स्क्रीनशॉट जोडायचा. फोन आलाच नव्हता हे त्यातून दिसतं.

मालाचं घड्याळ स्लॉटपासून सुरू होत नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर. आपण उशीर स्लॉट संपल्यापासून मोजतो. माल मात्र थंड खोलीतून निघाल्यापासून मोजतो. दोन ऑर्डरी समजा. पहिली ६:५० ला थंड गाडीत चढली आणि ७:४० ला आली, म्हणजे चाळीस मिनिटं उशिरा. दुसरी साडेतीनलाच साध्या पिशवीत भरून ठेवली होती आणि ६:५५ ला, म्हणजे बरोबर वेळेत आली. खराब माल दुसरीत आहे.

अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम असा: साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. लवकर नासणारा पदार्थ या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. ‘एकूण’ हा शब्द इथे मोलाचा आहे. पॅकिंगच्या टेबलावरची वीस मिनिटं, गाडीतला तास आणि दारातला अर्धा तास यांची बेरीज होते, मध्ये थोडा वेळ थंड केल्याने आकडा पुन्हा शून्यावर येत नाही.

‘उकळून घेऊ, भाजून घेऊ’ हा घरोघरी निघणारा तोडगा काही पदार्थांवर चालत नाही. बांगडा, ट्यूना यांसारखे मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन हे विषबाधा करणारं रसायन तयार होतं, आणि शिजवल्याने ते जात नाही. स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं विषही उकळीला दाद देत नाही. जिवाणू मरतात, विष उरतं. त्यामुळे कोमट झालेले मासे, कच्चं मांस, शिजवलेले तयार पदार्थ आणि चिरलेली फळं-सॅलड यांच्याबाबतीत रेटून नेऊ नये. उलट लोणी, कडक चीज, न चिरलेल्या भाज्या, फळं, ब्रेड यांना दोन-तीन तासांचा उशीर फारसा बाधत नाही. निर्जंतुक खोक्यातलं, न उघडलेलं दूध तर कपाटातच राहतं. पिशवीतल्या साध्या पाश्चराइज्ड दुधाचं तसं नाही. केळ्यांची गोष्ट उलटी आहे: १३ अंशांच्या खाली ती काळवंडतात, म्हणून गाडीतल्या थंड कप्प्यात चुकून गेलेली केळी वेळेत येऊनही खराब निघतात. चॉकलेटवर पांढुरकी झाक दिसली तर ते बहुधा कधीतरी तापून पुन्हा घट्ट झालेलं असतं. खायला हरकत नाही, पण साठवणीत किंवा वाटेत ते तापल्याची ती खूण असू शकते, आणि शेजारच्या दह्याकडे त्यावरून संशयाने बघावं.

फ्रोझन माल उणे १८ अंशांवर साठवलेला असतो. वितळला की नाही हे ओळखायला गोठवलेल्या सुट्या मटारांची पिशवी फार चांगली. दाणे हातात सळसळ हलत असतील तर माल गोठलेलाच आला. पिशवीचा एक घट्ट दगड झाला असेल तर मटार कुठेतरी वितळले आणि पुन्हा गोठले. नवीन सेवा पारखायची असेल तर पहिली ऑर्डर कोरड्या सामानाची द्यावी आणि तिच्यासोबत मटारांची एक पिशवी मागवावी. थंड मालाच्या साखळीबद्दल ती पिशवी कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगते. आइस्क्रीमचंही तसंच: झाकण उघडल्यावर पृष्ठभाग खाली बसलेला, कडेला साखरेसारखे बर्फाचे खडे आणि झाकणाच्या आतून चिकट थर, हे वितळून गोठल्याचं लक्षण. वितळू लागलेला फ्रोझन माल पुन्हा फ्रीझरमध्ये टाकता येतो का? आत बर्फाचे कण जाणवत असतील किंवा तो फ्रीजइतका थंड असेल तर टाकता येतो, चव आणि पोत मात्र उतरतात. आइस्क्रीमला ही सवलत नाही, ते वितळलं तर सोडून द्यावं.

दारात करायची पाच मिनिटांची तपासणी

पिशव्या आल्या की आधी वेळ नोंदवा. डिलिव्हरीचा फोटो ॲपमध्ये पडतोच, पण स्वतःच्या फोनने पिशव्या जशा आहेत तशाच एक फोटो काढा. त्यात तारीख-वेळ आपोआप राहते. मग थंड पिशवी सगळ्यांत आधी उघडा, कोरडं सामान नंतर. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर असेल तर पाकिटाला भोक पाडायचं नाही. दुधाच्या दोन पिशव्या एकमेकींवर ठेवून त्यांच्या मधोमध सळई दाबून धरायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. बंदुकीसारखा दुरून मोजणारा थर्मामीटर फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आणि चकचकीत वेष्टनावर तर चुकीचं सांगतो. त्याच्या आकड्यावर तक्रार उभी करू नये.

थंड माल ५ अंशांच्या आत असेल तर उत्तम. ८ च्या आसपास असेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. त्याच्या वर गेला असेल आणि गाडीत किती वेळ होता हे कळत नसेल, तर मासे-मांस आणि तयार पदार्थ परत करावेत. परत करण्याची योग्य वेळ दारातच असते. ‘हे तीन पदार्थ घेत नाही, बाकी ठेवतो’ असं म्हणता येतं आणि ड्रायव्हरच्या फोनमध्ये बहुधा तशी नोंद करण्याची सोय असते. एकदा सगळं स्वीकारलं की सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. मांसाचं पाकीट गळत असेल तर त्याच पिशवीतली न शिजवता खायची भाजीही परत करा. फ्रीजमधली अंडी उबेत येऊन घामेजली असतील तर ती पुसून ठेवणं पुरेसं नाही. कवचावरची ओल जंतूंना आत जायला वाट देते, म्हणून आधी ती वापरा आणि पूर्ण शिजवा.

दारातल्या माणसावर राग काढू नये. मार्ग त्याने आखलेला नसतो, ऑर्डरी त्याने जास्त घेतलेल्या नसतात. ॲपमधले तारे बरेचदा थेट त्याच्या खात्यात जातात, नियोजन करणाऱ्यांच्या नाही. वेळ चुकली म्हणून एक तारा देण्यापेक्षा माणसाला त्याच्या वागण्याचे गुण द्यावेत आणि वेळेची तक्रार वेगळ्या रकान्यात करावी. न विचारता लवकर ठेवून गेला, किंवा खोटं ‘डिलिव्हर’ दाबलं, तेव्हा मात्र ती त्याची चूक आहे आणि तसं लिहावं.

घरी नसताना माल आलाच तर

स्लॉटच्या आधी माल येण्याची सवय असलेली सेवा वापरावीच लागत असेल, तर दाराबाहेर जाड भिंतीची थर्माकोलची किंवा तत्सम पेटी ठेवणं फायद्याचं. २५ ते ३० लिटरची पेटी मध्यम ऑर्डरच्या थंड मालाला पुरते. तिच्यात ठेवायचे जेल पॅक पूर्ण एक दिवस-रात्र फ्रीझरमध्ये गोठवलेले असावेत. वरून टणक आणि आत मऊ असलेले पॅक तासाभरात संपतात. थंड हवा खाली जाते, म्हणून जास्तीचे पॅक मालाच्या वर ठेवायला सांगावेत. पेटी सावलीत हवी. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘थंड सामान यात ठेवा’ असं लिहावं आणि ॲपच्या सूचनेतही तेच.

या पेटीकडून अपेक्षा योग्य तेवढीच ठेवावी. १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. १ लिटर दूध १० अंशांनी थंड करायला सुमारे ४० किलोज्यूल लागतात, म्हणजे १२० ग्रॅम बर्फ तेवढ्यातच खर्च होतो. थंड आलेला माल थंड ठेवणं पेटीला जमतं. कोमट आलेला माल थंड करायला गेलं की बर्फ संपतो आणि वेळही जातो. कोरडा बर्फ वापरू नये. तो उणे ७८ अंशांचा असतो, हात भाजतो, आणि घट्ट बंद पेटीत वायूचा दाब साठतो.

पैसे परत मागताना

तक्रार त्याच दिवशी, लेखी आणि आकड्यांत. ‘नेहमीच उशीर करता’ या वाक्याला कस्टमर केअरकडे ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे तयार उत्तर असतं. वेळा, वस्तू आणि मागणी स्पष्ट असली की तयार उत्तर पुरत नाही. नमुना असा:

‘ऑर्डर क्रमांक अमुक. स्लॉट संध्याकाळी ५ ते ७. सामान ३:५० ला न विचारता दारात ठेवलं, फोन आला नाही. ५:२५ ला घेतलं तेव्हा दूध १६ अंश, मटार वितळलेले; फोटो जोडले आहेत. दूध, दही, मासे, मटार यांची पूर्ण रक्कम आणि डिलिव्हरी शुल्क ज्या खात्यातून गेलं त्याच खात्यात परत करावं. व्हाउचर नको.’

शेवटचे दोन शब्द विसरू नयेत. व्हाउचर देणं कंपनीला सोपं जातं. त्याला मुदत असते, किमान खरेदीची अट असते, आणि ज्या सेवेवर तुम्ही नाराज आहात तिथेच पुन्हा खरेदी करावी लागते. खराब झालेला माल आणि हुकलेला स्लॉट या दोन वेगळ्या मागण्या आहेत, त्या वेगळ्याच मांडाव्यात. माल ठीक असला तरी स्लॉटसाठी घेतलेलं शुल्क परत मागणं रास्त आहे, विशेषतः गर्दीच्या वेळेसाठी जास्त शुल्क घेतलं असेल तर. अटींमध्ये ‘स्लॉट अंदाजे आहे’ असं वाक्य असतं का, हे पहिल्याच ऑर्डरआधी बघून ठेवा. जिथे असं वाक्य आहे आणि तरीही स्लॉटनुसार वेगवेगळं शुल्क आहे, ती सेवा वेळेचे पैसे घेते आणि वेळेची हमी देत नाही. माझ्या लेखी तिथेच तिचे निम्मे गुण जातात.

चांगल्या सेवेची ओळख उशीर न होण्यात नाही, कारण उशीर सगळ्यांकडे होतो. स्लॉट संपायच्या आत ‘आम्हाला ७:४० होतील, चालेल का, की उद्या आणू?’ असा संदेश येतो का, त्यात रद्द करण्याचं बटण असतं का, आणि शुल्क न मागता परत येतं का, या तीन गोष्टी पाहाव्यात. तिन्ही असतील तर चाळीस मिनिटांचा उशीर मी माफ करण्याच्या बाजूने आहे. स्लॉट संपल्यावर वीस मिनिटांनी येणारा ‘थोडा उशीर होत आहे’ हा संदेश कामाचा नाही. तोपर्यंत संध्याकाळची आखणी मोडलेली असते.

तान्ह्या बाळाचं दूध, पथ्याचं खाणं, औषधासोबत लागणारे पदार्थ यांसाठी कुठल्याच सेवेच्या स्लॉटवर त्याच दिवशी विसंबू नये. एक दिवस आधीचा स्लॉट घ्यावा. पाहुणे येणार असतील तेव्हाही हेच. मासे-मांस, आइस्क्रीम आणि चिरलेली फळं मागवायचीच असतील तर पाळीचा पहिला स्लॉट, गाडीत थंड कप्पे असलेली सेवा, आणि घरी कोणीतरी असेल अशी वेळ निवडा. धान्य, डाळी, साबण, तेल यांना स्लॉटचा हट्ट नको. सगळ्यात रुंद आणि स्वस्त स्लॉट घ्या. हे दोन गट एकाच ऑर्डरमध्ये न घालता वेगळे मागवले, तर दोनदा शुल्क पडेल, पण वेळ चुकल्यावर हातात येणारी थंड पिशवी लहान असेल आणि ती पाच मिनिटांत तपासून होईल.